एका लॅपटॉपमध्ये दोन चुली

एका घरात दोन चुली म्हटलं की आपल्याकडे भांडण आलंच! लॅपटॉपमध्ये मात्र दोन चुली सुखाने नांदतात. एक आपली रोजची विंडोज, दुसरी लिनक्स. लॅपटॉप सुरू करताना आज कुठल्या चुलीवर रांधायचं, ते आपण ठरवायचं. काळजी एकच घ्यायची, दुसरी चूल मांडताना पहिलीतला विस्तव विझता कामा नये.

हा खटाटोप कशाला, असं तुम्ही म्हणाल. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवली, आणि विंडोज ११ अनेक जुन्या लॅपटॉपवर चालतच नाही. जव्हार-मोखाड्याकडे बऱ्याच घरांत लॅपटॉप असला तर एकच. मुलीचा स्कॉलरशिपचा फॉर्म त्यावरच, बचत गटाचा हिशेब त्यावरच आणि विक्रीला काढलेल्या वारली चित्रांचे फोटोही त्यावरच. चालतं यंत्र भंगारात का घालायचं?

लिनक्सची सुरुवात १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने केली. ती फुकट मिळते, आणि तीही कायदेशीर. उबुंटू, लिनक्स मिंट ही तिचीच रूपं. आपल्या सी-डॅकनेही २००७ मध्ये ‘बॉस’ नावाची लिनक्स आणली, तिच्यात मराठीसह भारतीय भाषांची सोय आहे. केरळच्या सरकारी शाळांतली मुलं तर कितीतरी वर्षं लिनक्सवरच संगणक शिकताहेत. तेव्हा हे फक्त इंजिनिअर लोकांचं काम आहे, असं मनात आणू नका. ४ जीबी रॅम असलेल्या लॅपटॉपवर मिंट चांगली चालते.

मग विंडोज काढूनच का टाकू नये? कारण टॅलीसारखे काही प्रोग्रॅम लिनक्सवर सरळ चालत नाहीत. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइलींतली अक्षरंही तो फॉन्ट नसेल तर भलतीच दिसतात. युनिकोडमधलं मराठी मात्र दोन्हीकडे नीट वाचता येतं. म्हणून इंटरनेट, बँकेचे व्यवहार, फॉर्म लिनक्सवर करा आणि अडलेली जुनी कामं इंटरनेट न जोडता विंडोजवर.

हात लावण्याआधी

- फोटो, हिशेब, दाखल्यांच्या प्रती बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. त्या दुसऱ्या संगणकावर उघडतात का, तेही पाहा. न उघडणारी प्रत असून नसून सारखीच.
- काही लॅपटॉपमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन नावाचं कुलूप असतं. त्याची ४८ अंकी किल्ली बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. ती आधी वहीत लिहून घ्या, मगच विंडोजमधून कुलूप काढा. त्याला वेळ लागतो, मध्येच लॅपटॉप बंद करू नका.
- विंडोजच्या पॉवर सेटिंगमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. ते चालू असलं तर विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपते, आणि त्या वेळी लिनक्सने तिच्या फाइलींत हात घातला तर नुकसान होऊ शकतं.
- जागा विंडोजमधूनच मोकळी करा. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ‘श्रिंक व्हॉल्यूम’ असतं, तिथून ४०-५० जीबी काढा.

आधी चव घ्या, मग मांडा

मिंटची फाइल जवळपास ३ जीबीची असते. ती अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या, आणि रेंज येत-जात असेल तर जिथे नेट चांगलं आहे तिथे उतरवा. अर्धवट उतरलेली फाइल घात करते, म्हणून संकेतस्थळावरची चेकसम जुळते का, हे जाणकाराकडून तपासून घ्या. मग ‘रूफस’सारख्या प्रोग्रॅमने ती ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर चढवा. त्या पेन ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, तेव्हा रिकामाच वापरा.

आता त्या पेन ड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करा. काहीही इन्स्टॉल न करता लिनक्स समोर येईल. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, प्रिंटर चालतोय का, मराठी टाइप होतंय का, सगळं दोन-चार दिवस बघा. नाही पटलं तर पेन ड्राइव्ह काढायचा, विंडोज जशीच्या तशी.

पटलं तर इन्स्टॉल करताना एका पानावर नीट थांबा. तिथे ‘अलाँगसाइड विंडोज’ म्हणजे विंडोजच्या शेजारी आणि ‘इरेज डिस्क’ म्हणजे सगळं पुसून, असे पर्याय येतात. आपल्याला शेजारी मांडायची आहे. घाईत ‘इरेज’ निवडलं तर दोन नव्हे, एकच चूल उरेल!

विजेचंही भान ठेवा. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही. बॅटरी पूर्ण भरलेली हवी, चार्जर जोडलेला हवा, आणि गडगडाट असेल त्या दिवशी हे काम नकोच.

नंतरची छोटी दुखणी

लॅपटॉप सुरू होताना आता लिनक्स की विंडोज, असं विचारणारी यादी येईल. कधी विंडोजमध्ये घड्याळ साडेपाच तास मागे दिसतं. घाबरू नका. लिनक्स आतलं घड्याळ जागतिक वेळेवर ठेवते आणि विंडोज भारतीय वेळेवर, एवढाच तो घोळ, सेटिंगमधून मिटतो. पण पुढे लिनक्स नकोशी झाली तर विंडोजमधून तिचा भाग सरळ उडवू नका. सुरुवातीची यादी त्यातच असते, लॅपटॉप तिथेच अडकून बसेल. आधी बायोसमध्ये विंडोजला पहिला नंबर द्या.

हे सगळं स्वतः करायचा धीर होत नसेल, तर दुकानात द्यायला हरकत नाही. पण लॅपटॉप हातात देण्याआधी दोन प्रश्न जरूर विचारा, ‘माझ्या फाइलींची प्रत कुठे ठेवणार?’ आणि ‘विंडोजच्या शेजारी टाकणार की सगळं पुसून?’ सरळ उत्तर मिळालं नाही, तर लॅपटॉप पिशवीत घाला आणि घरी या.