बऱ्या झालेल्या मनोरुग्णांचा प्रश्न

६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे लागलेल्या आगीत २८ मनोरुग्णांचा बळी गेला. त्यांतील बहुतेकांना साखळदंडांनी जखडलेले होते. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ९५ ने असे जखडणे निषिद्ध ठरविले. तथापि साखळदंडाविना चालणाऱ्या बंदिवासाचा प्रश्न अधिक बिकट आहे. ठाणे, येरवडा यांसारख्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत उपचार पूर्ण झालेले रुग्णही वर्षानुवर्षे राहत आले आहेत, कारण त्यांना न्यावयास कोणी येत नाही. कधी पत्ता खोटा निघतो, कधी मालमत्तेतील वाटा आड येतो, कधी घरातील मुलीचे लग्न ठरावयाचे असते. विवाहितेची स्थिती तर अधिकच दयनीय. सासर तिला माहेरची समजते, माहेर सासरची.

केवळ कुटुंब स्वीकारत नाही म्हणून कोणासही रुग्णालयात ठेवता येणार नाही, असे कलम १९ सांगते. अशांसाठी रुग्णालयाबाहेर, समाजात निवासगृहे उपलब्ध करून देण्याचे दायित्वही ते शासनावर टाकते. मुदत मात्र ‘वाजवी कालावधी’ एवढीच. हा मोघमपणा प्रशासनाच्या सोयीचाच म्हणावा लागेल. त्यामुळे रुग्णाने आपला हक्क मागितला, तरी त्याला पाठवावयाचे कोठे, हा प्रश्न वैद्यकीय अधीक्षकांपुढे उरतोच.