पासपोर्ट बदलला, जर्सी गेली, शिट्टी उरली

नोकरी बदलताना आपण काय काय बघतो? पॅकेज, बॉसचा स्वभाव, ऑफिस घरापासून किती लांब, शनिवारची सुट्टी आहे की नाही. समजा एचआरने शांतपणे सांगितलं, ‘बाकी सगळं ठीक आहे, फक्त तुमचं नागरिकत्व सोडावं लागेल,’ तर? आपण थँक्यू म्हणून उठू आणि लिफ्टमध्येच मित्राला फोन लावू.

अराता इझुमी उठला नाही. त्याने सही केली.

फुटबॉलवाल्या दोस्तांना नाव आठवलं असेल, बाकीच्यांसाठी थोडा फ्लॅशबॅक. जन्म 1982, जपानच्या यामागुची प्रांतातला. आई जपानी, वडील गुजराती. सिंगापूरच्या लीगमध्ये आल्बिरेक्स निगाताकडून खेळून तो भारतात आला. आधी कोलकात्याचा ईस्ट बंगाल, मग मुंबईची महिंद्रा युनायटेड आणि 2009 पासून पुणे एफसी. म्हणजे बघा, गडी वडिलांच्या गुजरातमध्ये कधी क्लब फुटबॉल खेळला नाही, पण ऐन उमेदीची वर्षं त्याने महाराष्ट्रात काढली. बालेवाडीच्या स्टेडियममध्ये त्याचा खेळ पाहिलेले लोक आजही त्याचं नाव काढलं की खुलतात. मिडफिल्डर, अंगाने किरकोळ, पण बॉल पायाशी आला की घाई नाही.

2012 मध्ये त्याने जपानी पासपोर्ट परत केला आणि भारतीय झाला. नव्या कागदांवर नाव लागलं नीलकंठ खंभोळजा. हे करावं का लागलं? कारण 2008 पासून आपल्या सरकारचा नियम आहे: भारताच्या टीममध्ये खेळायचं तर भारतीय पासपोर्टच हवा. वडील भारतीय आहेत, ओसीआय कार्ड आहे, असल्या गोष्टी चालत नाहीत. आणि दुहेरी नागरिकत्व ना भारत देतो, ना जपान. एकीकडे जा, दुसरीकडचं दार बंद.

आता बंद झालेलं दार कुठलं होतं तेही पाहा. 2011 च्या एशियन कपमध्ये जपान चॅम्पियन झाला होता. त्याच स्पर्धेत भारताने तीन मॅचेस खेळल्या आणि तिन्ही हरल्या. करिअर कौन्सेलरने याला शुद्ध वेडेपणा म्हटलं असतं. इझुमी तेव्हा तिशीत होता. त्या वयात जपानच्या टीममधून बोलावणं येणार नव्हतं हे खरं, पण देश सोडायला एवढं कारण कितीजणांना पुरतं? हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर त्याला मिळालं काय? 2013 आणि 2014 मिळून भारताकडून 9 मॅचेस.

बस्स? थांबा, इंटरव्हल व्हायचाय.

इझुमीच्या महाराष्ट्रातल्या जर्सी मोजू या. महिंद्रा युनायटेड ही 1962 पासूनची टीम, 2005-06 ची नॅशनल लीग जिंकलेली. ती 2010 मध्ये बंद झाली. पुणे एफसी 2012-13 च्या आय-लीगमध्ये दुसरी आली होती, डेरिक परेरा कोच असताना. तिची सीनियर टीम 2015 नंतर मैदानावर दिसली नाही. 2016 मध्ये तो आयएसएलमध्ये एफसी पुणे सिटीकडून खेळला. तो क्लबही 2019 मध्ये गुंडाळला गेला. तीन क्लब, तीन शटर. आपल्यापैकी कुणाच्या सीव्हीवर अशा तीन कंपन्या ओळीने असत्या तर इंटरव्ह्यूत कपाळावर आठ्या पडल्या असत्या.

जपानमध्ये नेमकं उलटं घडलं होतं. तिथेही टीम कंपन्यांच्याच होत्या. माझ्दाची, निस्सानची, मित्सुबिशीची. 1993 मध्ये जे-लीग सुरू झाली तेव्हा कंपनीचं नाव मागे गेलं आणि शहराचं पुढे आलं. माझ्दाची टीम हिरोशिमाची झाली, निस्सानची योकोहामाची, मित्सुबिशीची उरावाची. कंपनी वाईट दिवसांतून गेली तरी शहर कुठे जाणार? त्या माझ्दाच्या टीममध्ये हाजिमे मोरियासू नावाचा एक मिडफिल्डर होता. 1993 च्या ऑक्टोबरमध्ये दोह्यात इराकने शेवटच्या क्षणी गोल मारून जपानचं वर्ल्ड कपचं तिकीट कापलं, तेव्हा तो जपानच्या टीममध्ये होता. पुढे कोच म्हणून त्याने त्याच हिरोशिमाला तीनदा लीग जिंकून दिली आणि 2022 च्या कतार वर्ल्ड कपमध्ये त्याच्या जपानने जर्मनी आणि स्पेन दोघांनाही हरवलं. खेळाडूचा कोच होतो तो असा. त्याला परत यायला घर शिल्लक होतं.

हे मला जरा जास्तच लागतं, कारण मी चंद्रपूरची. ऊर्जानगरच्या कॉलनीत वाढलेली. आमचा अख्खा जिल्हाच कंपन्यांचा: इथे वीज केंद्र, तिकडे कोळशाच्या खाणी, बल्लारपूरला पेपर मिल, भद्रावतीला ऑर्डनन्स फॅक्टरी. आता शेजारच्या गडचिरोलीत सूरजागडचं लोखंड. कंपनी आहे, कॉलनी आहे, ग्राउंडसुद्धा आहे. शिफ्ट सुटली की काका लोक बूट बांधून उतरायचे आणि आम्ही पोरं बॉल आणून द्यायचो. पण चंद्रपूरच्या नावाचा, पोरांना पगार देऊन खेळवणारा क्लब? तो काही झाला नाही. एटापल्लीच्या एखाद्या पोराच्या पायात जादू असेल तर ती कुणी पाहायची?

इथेच इझुमीचा सेकंड हाफ सुरू होतो. केरळ ब्लास्टर्सपर्यंत खेळून झाल्यावर त्याने जपानची फ्लाइट पकडली नाही. तो नवी मुंबईत, रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्सच्या निवासी अकादमीत पोरांचा कोच झाला. देशभरातून निवडलेली मुलं तिथे राहतात, शिकतात, खेळतात. 2020 मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतल्या मुलांना आयएसएलच्या क्लबांचे करार मिळाले. 2022 मध्ये गोव्यात तरुणांची डेव्हलपमेंट लीग सुरू झाली तेव्हा आयएसएल क्लबांच्या टीमसमोर इझुमीची पोरं उभी होती.

नोव्हेंबर 2025 मध्ये ऑस्ट्रेलियाचा रायन विल्यम्स आपला पासपोर्ट सोडून भारतीय झाला. इझुमीनंतर हे करणारा तो दुसराच फुटबॉलर. मधे 13 वर्षं गेली. म्हणजे बाहेरून हिरो येईल आणि टीम तारेल, हा प्लॅन 13 वर्षांतून एकदा चालतो. पोरं घडवायला मात्र रोज सकाळी ग्राउंडवर शिट्टी घेऊन कुणीतरी उभं राहावं लागतं.

तुमच्या ऑफिसातही इंटर-कॉर्पोरेट फाइव्ह-अ-साइडचा मेल येतच असेल. टीशर्टचा रंग ठरवून झाला की एचआरला एक प्रश्न विचारा: ‘मॅच संपल्यावर या टर्फवर पोरांना शिकवायला कोच आहे का? आणि नसेल, तर त्याचा पगार आपण देऊ शकतो का?’