रंगाखालची गाडी

रविवारची सकाळ. पुण्यातल्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये लाल रंगाची, दोन दारांची ऑडी टीटी उभी आहे. गाडी दहा-बारा वर्षांची, पण नुकतीच धुतलेली आणि झळाळणारी. घेणाऱ्यासोबत आलेला मित्र खिशातून फ्रिजवरचं लोहचुंबक काढतो, पातळ फडक्यात गुंडाळतो आणि दाराला लावतो. चुंबक पटकन चिकटतं. मग तो ते पुढच्या फेंडरला लावतो, तर ते सरळ गळून पडतं. “पुट्टी भरलीय,” मित्र हळूच सांगतो आणि घेणाऱ्याचा चेहरा उतरतो.

पण हे निदान चुकीचं असू शकतं. २००६ साली आलेल्या दुसऱ्या पिढीच्या टीटीची बॉडी ६९ टक्के अ‍ॅल्युमिनियमची आणि ३१ टक्के पोलादाची आहे. बॉनेट आणि पुढचे फेंडर अ‍ॅल्युमिनियमचे, तर दारं आणि डिकीचं झाकण पोलादी. इंजिन पुढे असल्यामुळे वजन पुढे झुकतं. पुढचा भाग हलका आणि मागचा जड ठेवून कंपनीने तो तोल सावरला. त्यामुळे कारखान्यातून जशी निघाली तशीच राहिलेल्या टीटीच्या फेंडरवरूनही चुंबक गळून पडणारच. उलट पोलादी दारावर पुट्टीचा पातळ थर असला, तरी थोडं ताकदवान चुंबक तिथे चिकटून बसतं. कुठला पत्रा कशाचा आहे हे माहीत नसताना केलेली तपासणी चांगली गाडी हातची घालवते किंवा वाईट गाडी गळ्यात मारते.

जुनी स्पोर्ट्स कार बघायला गेल्यावर पहिला प्रश्न हमखास असतो, “रंग मारलाय का?” हा प्रश्न अपुरा आहे. रंग का मारला, कुठपासून कुठपर्यंत मारला आणि त्याच्याखाली काय आहे, ही तीन उत्तरं मिळाल्याशिवाय निर्णय घेता येत नाही.

कारखान्यात रंग चढतो तेव्हा गाडीत ना काच असते, ना सीट, ना वायर, ना रबर. नुसता सांगाडा असतो. त्यावर आधी फॉस्फेटची प्रक्रिया होते. मग तो अख्खा सांगाडा टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने त्याच्या कानाकोपऱ्यात प्रायमर चिकटवला जातो आणि भट्टीत दीडशे अंशांच्या पुढे भाजला जातो. त्यानंतर दुसरा प्रायमर, रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. या सगळ्या थरांची जाडी मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉनचा असतो, म्हणजे गाडीची सगळी झळाळी जेमतेम दोन केसांच्या जाडीत मावते.

गॅरेजमध्ये गाडी पूर्ण जोडलेली असते. तिला दीडशे अंशांच्या भट्टीत घातलं तर रबर, प्लास्टिक, वायरिंग सगळं जाईल. म्हणून रंगाच्या बूथमध्ये तापमान ६० अंशांच्या आसपास ठेवतात आणि हार्डनर मिसळलेले रंग वापरतात. चांगल्या कारागिराने धूळमुक्त बूथमध्ये केलेलं असं काम वर्षानुवर्षं टिकतं, हे आवर्जून सांगायला हवं. आपल्याकडे ‘रीपेंट’ हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. त्यात चांगल्या पेंटरवर अन्याय होतो आणि घेणाऱ्याचंही नुकसान होतं. टाकीत बुडवलेला मूळ थर मात्र कुठल्याही गॅरेजला परत देता येत नाही, म्हणून रंगापेक्षा पत्रा किती खरवडला गेला हे महत्त्वाचं.

ते सांगतो रंगाची जाडी मोजणारा मीटर. हातात मावणारं हे यंत्र आता महाग राहिलेलं नाही. घेताना एकच खबरदारी घ्यावी: लोखंडावर आणि अ‍ॅल्युमिनियमवर अशा दोन्ही धातूंवर चालणारा मीटर हवा. लोखंडावर तो चुंबकीय पद्धतीने मोजतो, अ‍ॅल्युमिनियमवर धातूत निर्माण होणाऱ्या भोवरी प्रवाहांवरून. टीटीसारख्या मिश्र बॉडीच्या गाडीवर एकाच प्रकारचा मीटर निम्मी गाडी मोजणारच नाही.

मोजायला सुरुवात छतापासून करावी. छताला सहसा कोणी ठोकत नाही, त्यामुळे तिथला आकडा त्या गाडीची मूळ मोजपट्टी ठरतो. छतावर ११५ आला आणि बाकीच्या पॅनलवर १०० ते १४० च्या दरम्यान आकडे फिरत असतील, तर बाहेरचा रंग मूळचाच असण्याची शक्यता मोठी. कुठे २०० ते ३०० दिसले तर तिथे पुन्हा रंग चढला आहे. आकडा ५०० च्या पुढे जाऊ लागला की खाली पुट्टी आहे असं समजावं, आणि १,००० म्हणजे पूर्ण एक मिलिमीटर. एका पॅनलवर एकदाच मोजून पुढे जाऊ नये, सात-आठ ठिकाणी मोजावं. पूर्ण पॅनलवर सारखा २४० आला तर तो ओरखड्यासाठी मारलेला रंग असू शकतो. एका टोकाला १२० आणि दुसऱ्या टोकाला ९०० आला, तर तिथे पत्रा चेपला होता.

इथे एक बारकावा सुटतो. धातूच्या चमकीचे आणि मोतिया छटेचे रंग जुळवणं फार अवघड असतं. जुना रंग उन्हाने थोडा फिका झालेला असतो आणि नवा तसाच्या तसा बसत नाही. म्हणून कसलेला पेंटर फेंडर रंगवताना नवा रंग शेजारच्या दारावर विरवत नेतो आणि त्या दारावर पूर्ण क्लिअर कोट मारतो. मीटरवर दारही जाड दिसतं, पण दाराला कधी काही झालेलंच नसतं. शेजारी-शेजारी दोन पॅनल जाड म्हणजे मोठा अपघात, असा निष्कर्ष घाईने काढू नये.

बंपर प्लास्टिकचा असल्यामुळे तिथे हा मीटर गप्प राहतो. स्पोर्ट्स कारच्या बाबतीत बंपरचा रंग तसाही फारसं काही सांगत नाही. नाक जमिनीला टेकलेलं असतं. तळघरातल्या पार्किंगचा उतार, न रंगवलेले गतिरोधक, एक्सप्रेसवेवर पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडणारे खडे या सगळ्याचा मार बंपरला आणि बॉनेटच्या पुढच्या कडेला बसतो. बारा वर्षं रस्त्यावर चाललेल्या गाडीचं नाक एकदा रंगवलेलं असणं ही सामान्य देखभाल आहे.

मीटर संपला की बॉनेट उघडावं. अपघाताच्या खुणा बाहेरच्या पत्र्यावर कमी आणि आत जास्त राहतात. फेंडरच्या बोल्टवर पान्याने रंग उडालाय का? एका बाजूच्या बोल्टवर रंग अखंड आणि दुसऱ्या बाजूच्या बोल्टच्या कडा चमकत असतील, तर तो फेंडर काढला गेला होता. फेंडरच्या आतल्या ॲप्रनवर आणि पिलरवर कारखान्याचे वेल्डिंगचे ठिपके गोल, सारख्या अंतरावर असतात. ते कुठे नाहीसे झाले असतील, सांध्यावरचं सीलर बोटाने फासल्यासारखं दिसत असेल, तर सांगाड्याला हात लागलेला आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्यात हे जास्त गंभीर. तिथे गोंद आणि खास रिव्हेट लागतात, हत्यारं आणि कामाची जागाही वेगळी ठेवावी लागते, कारण लोखंडाचा कीस अ‍ॅल्युमिनियममध्ये रुतला की तो धातू आतून खायला लागतो. काही काळाने रंगाला फोड येतात आणि फोडाखाली तांबड्या गंजाऐवजी पांढरी भुकटी निघते.

रबराच्या कडाही बघाव्यात. दाराच्या रबराची ओठासारखी कड बोटाने उलटी केली की मास्किंग टेपची सरळ रेघ किंवा रंगाचे बारीक शिंतोडे सापडतात. पार्किंगमधली ट्यूबलाइट तर फुकटचं उपकरण आहे. तिचं प्रतिबिंब दारावर बघत हळूहळू चालत जावं. सरळ रेघ एका जागी लाटेसारखी थरथरली, तर तिथला पत्रा सपाट नाही. ओल्या गाडीवर हे काहीच दिसत नाही, म्हणून गाडी कोरडी झाल्यावरच बघावी.

फायबरच्या गाड्यांना वेगळा न्याय. १९५३ पासूनच्या कॉर्वेट असोत की भारतात बनलेली छोटी सॅन स्टॉर्म, त्यांच्या बॉडीवर ना चुंबक चालतं ना हा मीटर. तिथे रंगातले बारीक तडे शोधावे लागतात. एका बिंदूपासून कोळ्याच्या जाळ्यासारखे फाकलेले तडे म्हणजे खालच्या फायबरला दणका बसला आहे.

रंगच बदललेला असेल, तर काम आणखी वाढतं. रंगाची नोंद आरसीवर असते. पांढरी गाडी लाल केली आणि आरटीओत नोंद केली नाही, तर हस्तांतराच्या वेळी आणि पुढे विम्याच्या दाव्याच्या वेळी ते नव्या मालकाच्या अंगाशी येतं. बिजागऱ्या, दाराच्या चौकटी आणि डिकीची आतली बाजू जुन्याच रंगात सोडली असेल, तर काम स्वस्तात उरकलेलं आहे. ज्याने दिसणाऱ्या जागी खर्च केला आणि न दिसणाऱ्या जागी हात आखडला, त्याने बाकीच्या देखभालीतही तेच केलं असण्याची भीती असते.

कागद रंगापेक्षा जास्त बोलतात. विम्याच्या पॉलिसीवर नो क्लेम बोनस छापलेला असतो. तो २० टक्क्यांपासून चढत, सलग पाच वर्षं दावा न केल्यास ५० टक्क्यांवर पोहोचतो. “गाडीला कधी काही झालं नाही” म्हणणाऱ्या जुन्या मालकाच्या पॉलिसीवर बोनस शून्य असेल, तर मधल्या वर्षात काय घडलं हे विचारायलाच हवं. हा बोनस मात्र मालकाबरोबर फिरतो, गाडीबरोबर नाही. त्यामुळे नुकत्याच हात बदललेल्या गाडीची आधीच्या मालकाची पॉलिसी मागावी. दुरुस्तीचा खर्च विमा मूल्याच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की विमा कंपनी ती गाडी पूर्ण नुकसानीत धरते. अशी गाडी भंगार म्हणून विकली जाते आणि पुन्हा उभी करून बाजारात येऊ शकते.

पुराचं पाणीही नव्या रंगाआड लपतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, २०१५ च्या डिसेंबरात चेन्नई बुडाली. अशा वेळी जमिनीलगतच्या गाडीत पाणी सगळ्यात आधी शिरतं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघावा. गुंडाळीच्या तळाशी चिखलाची रेघ असेल, तर मीटर पिशवीत ठेवून द्यावा.

आता त्या लाल टीटीकडे परत. समजा, छतावर ११८, उजव्या दारावर १२० च्या आसपास, डाव्या फेंडरवर सगळीकडे सारखा २५५, त्याला लागून असलेल्या दारावर १७०. बोल्ट अखंड, ॲप्रनवरचे कारखान्याचे सांधे जसेच्या तसे. मालक आपणहून सांगतो की तळघराच्या खांबाला फेंडर घासला होता, आणि गॅरेजचं बिल दाखवतो. ही गाडी घ्यायला हरकत नाही. रंगाचं कारण दाखवून किंमत थोडी खाली आणायलाही हरकत नाही. पण तोच २५५ चा फेंडर, शेजारी एका बाजूचे सांधे बदललेले, बोल्टच्या कडा उडालेल्या आणि मालक म्हणतो, “कंपनीचाच रंग आहे, हात लावून बघा,” तर चावी परत द्यावी आणि दुसऱ्या गाडीचा पत्ता काढावा. बिल दाखवणाऱ्या मालकाच्या गाडीलाही टोकन देण्याआधी एकदा रॅम्पवर चढवून खालून बघायचं असतं. त्यासाठी गॅरेजवाल्याला आदल्या दिवशीच फोन करून ठेवावा, रविवारी दुपारनंतर बहुतेक रॅम्प बंद असतात.