पिवळा पडतोय अनंत? छाटा, जगवा आणि वाटा

आमच्या कंधारच्या घराच्या अंगणात आईने लावलेला अनंत आहे. संध्याकाळी फूल उमललं की वास गल्लीच्या तोंडापर्यंत जातो. यंदा घर पाडून नवं बांधायचं ठरलं आणि पहिला प्रश्न आला तो या झाडाचा. तीस वर्षांचं झाड मुळासकट उचललं तर ते जगेल, याची खात्री कुणी देईना. डबल पाकळीच्या अनंताला सहसा बी धरत नाही, त्यामुळे बियांपासून रोप करायची सोय नाही. उरतो तो छाट कलमाचा मार्ग. छाट कलमातून आलेलं रोप हे जैविकदृष्ट्या तेच झाड असतं. रंग, वास, पाकळ्या, सगळं तेच.

अनंत मूळचा दक्षिण चीन आणि जपानकडचा, कॉफीच्या कुळातला. अलेक्झांडर गार्डन या डॉक्टरच्या नावावरून त्याला १७६१ मध्ये ‘गार्डेनिया’ हे शास्त्रीय नाव मिळालं. आपल्या जंगलातली डिकेमाली ही त्याचीच बहीण.

पानं पिवळी का पडतात?

अनंताला आम्लधर्मी माती लागते, सामू साधारण ५ ते ६. आपली काळी माती चुनखडीची असते आणि तिचा सामू बहुधा ७.५ ते ८.५ असतो. अशा मातीत लोह असतं, पण ते पाण्यात विरघळत नाही आणि मुळांना मिळत नाही. मग कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. बोअरचं जड पाणी रोज घातलं की कुंडीतला चुना आणखी वाढतो. आरओ यंत्रातून बाहेर पडणारं पाणी तर घालूच नका, त्यात क्षार जास्त असतात. पावसाचं पाणी पिंपात साठवून ते वापरा. जमिनीपेक्षा कुंडी बरी. तिच्यात कोकोपीट, पानांचं कुजलेलं खत आणि थोडी जाड वाळू भरा. पिवळेपणा दिसला तर एक लिटर पाण्यात दोन-तीन ग्रॅम हिराकस आणि चिमूटभर लिंबूसत्त्व घालून ऊन उतरल्यावर पानांवर फवारा. जुनं, खालचं एखादं पान पिवळं होऊन गळलं तर काळजी नको.

छाटणी कधी करायची?

अनंताच्या कळ्या आधी वाढलेल्या फांद्यांच्या शेंड्यांवर येतात. हिवाळ्यात झाड नीटनेटकं करायला कात्री लावली, तर पुढच्या बहराच्या कळ्याच कापल्या जातात. म्हणून मुख्य बहर ओसरला की लगेच, जुलै-ऑगस्टमध्ये छाटा. सप्टेंबरनंतर नको. वाळलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या आधी काढा, मग लांब गेलेले शेंडे कमी करा. एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त झाड कापू नका.

छाट कलम कसं करायचं?

छाटलेले शेंडे फेकू नका, त्यांचीच कलमं होतात. शेंड्याकडे हिरवी आणि बुडाशी तपकिरी होऊ लागलेली फांदी निवडा. सकाळी, स्पिरिटने पुसलेल्या धारदार कात्रीने पेराच्या जरा खाली कापून १० ते १५ सेंटिमीटरचा तुकडा घ्या. खालची पानं काढा. वरची दोन-चार ठेवा, मोठी असतील तर अर्धी कापा. बुडाला रूटिंग पावडर लावून कोकोपीट आणि वाळूच्या ओलसर मिश्रणात खोचा. वरून पारदर्शक पिशवी किंवा बूड कापलेली बाटली झाका आणि कुंडी उजेडाच्या सावलीत ठेवा.

यामागचं कारण सोपं आहे. पानं पाणी उडवत राहतात, पण ते ओढायला मुळं नसतात. झाकणाखालची दमट हवा हे नुकसान थांबवते. शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन हे संप्रेरक फांदीतून खाली उतरून कापलेल्या टोकाशी साचतं आणि तिथल्या पेशी मुळं बनवू लागतात. पावडरही हेच काम वाढवते. मिश्रण ओलसर असावं, चिखल नको. बूड कुजलं की कलम गेलं.

साधारण सहा ते आठ आठवड्यांत मुळं धरतात. हलकं ओढल्यावर अडकल्यासारखं वाटलं की समजा. मग पिशवी एकदम न काढता आठवडाभर थोडी थोडी उघडत जा. सगळी कलमं लागत नाहीत. चार रोपं हवी असतील तर दहा लावा. पहिल्या वर्षी कळ्या आल्या तर खुडा, म्हणजे ताकद मुळांना मिळेल. पहिला उन्हाळा दुपारच्या उन्हापासून जपा.

आम्ही गेल्या पावसाळ्यात बारा कलमं लावली, सात लागली. दोन नांदेडला बहिणीकडे गेली, एक लातूरला. घर पाडायला माणसं येतील तेव्हा मूळ झाडही काढून बघणार आहोत. पण आता त्या एका झाडावर सगळं अवलंबून नाही.