मोटारीचे इंजिन, लाकडी पंख

विमान कारखान्यात तयार होते, विमानतळावर उभे असते आणि आपण तिकीट काढून त्यात बसतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. अमेरिकेत मात्र घरच्या गॅरेजमध्ये, शेतावरच्या गोठ्यात, क्वचित दिवाणखान्यातही स्वतःच्या हातांनी विमान बांधणाऱ्यांची मोठी परंपरा आहे. २०११ साली त्या देशात अशी हौशी बांधणीची सुमारे ३३,००० विमाने होती. लहान खासगी विमानांच्या एकूण ताफ्यात हे प्रमाण जवळजवळ १० टक्के भरते. त्यातील बरीचशी विमाने आधुनिक आहेत. त्यांचे सुटे भाग तयार संचाच्या रूपात मिळतात, त्यांचे सांगाडे धातूचे किंवा काचतंतूंचे असतात आणि ती वेगवानही असतात. परंतु याच मंडळींत एक गट असा आहे की, त्याला वेगाचे फारसे सोयरसुतक नाही. लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणलेले कापड, उघडी बैठक आणि वाऱ्यात शिटी वाजविणाऱ्या ताणतारा अशी १९३० च्या सुमाराची विमाने हे लोक आजही नव्याने बांधतात आणि उडवितात.

हे निव्वळ स्मरणरंजन आहे, असे म्हणून हा विषय बाजूला सारता येईल. पण तसे करणे अन्यायाचे होईल. या विमानांचे खरे आकर्षण असे की, त्यांचा प्रत्येक भाग एका माणसाच्या बुद्धीच्या आणि हाताच्या आवाक्यात राहतो. हा आवाका कसा निर्माण झाला आणि तो सुटला की काय होते, हे समजून घेण्यासाठी या गटाच्या सर्वांत लाडक्या विमानाची हकिकत पाहणे सोयीचे आहे.

मिनेसोटा राज्यात चेरी ग्रोव्ह नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथील बर्नार्ड पिटनपोल (१९०१-१९८४) यांनी विमानविद्येचे औपचारिक शिक्षण घेतलेले नव्हते. ते यंत्रांत रमणारे, स्वतः धडपडून शिकलेले गृहस्थ होते. त्या काळी विमानाचे इंजिन सामान्य माणसाला परवडत नसे. मोटारीचे इंजिन मात्र गावोगावी मिळे आणि गावचा मिस्त्री ते दुरुस्तही करी. पिटनपोल यांनी प्रथम फोर्डच्या ‘मॉडेल टी’ मोटारीचे इंजिन वापरून पाहिले. पुढे ‘मॉडेल ए’ ही नवी मोटार बाजारात आली, तेव्हा तिचे ४० अश्वशक्तीचे इंजिन त्यांनी स्वतः आखलेल्या दोन आसनी विमानावर बसविले. १९२९ साली हे विमान उडाले. त्याचे नाव ‘एअर कॅम्पर’.

‘मॉडर्न मेकॅनिक्स’ या नियतकालिकाचे संपादक वेस्टन फार्मर यांचे मत असे होते की, मोटारीच्या इंजिनावर विमान नीट उडविता येणार नाही. पिटनपोल यांनी त्यांना पत्राने उत्तर दिले आणि १९३० साली आपली दोन विमाने हवाईमार्गे थेट मिनियापोलिसजवळ नेऊन दाखविली. संपादकांनी मनाचा मोठेपणा दाखविला. १९३२ च्या विमानविषयक वार्षिकात एअर कॅम्परचे नकाशे आणि बांधणीची कृती छापून आली. तो महामंदीचा काळ होता. खिशात पैसा नव्हता, पण हाताला रिकामा वेळ भरपूर होता. अशा वेळी सुतारकाम जाणणाऱ्या कोणालाही वाचून समजेल, असे विमान कागदावर उपलब्ध झाले. ते नकाशे आजही वापरात आहेत. पिटनपोल यांच्या निधनानंतर त्यांच्या कुटुंबीयांनी नकाशांची विक्री चालू ठेवली.

या विमानाची रचना अगदी उघड आहे. एकच पंख, तोही बसणाऱ्यांच्या डोक्यावर छत्रीसारखा धरलेला. त्याची लांबी सुमारे २९ फूट. मागे वैमानिक, पुढे पाहुणा. पुढच्या बैठकीत शिरणे ही एक कसरतच असते, कारण पंख तोलून धरणारे खांब आणि तारा नेमक्या वाटेत येतात. इंजिन पाण्याने थंड होणारे असल्याने मोटारीचा रेडिएटर नाकावर उभा असतो आणि वैमानिकाच्या नजरेसमोरच येतो. जमिनीवर असताना विमानाची शेपटी खाली व नाक वर असते. त्यामुळे पुढचे पाहण्यासाठी वैमानिकाला विमान नागमोडी चालवावे लागते. हवेत त्याची चाल ताशी ११०-१२० किलोमीटर. आपल्या द्रुतगती मार्गावरची एखादी मोटार त्याला सहज मागे टाकील!

बांधकाम बहुधा पंखाच्या फासळ्यांपासून सुरू होते. एका फळीवर फासळीचा पूर्णाकृती आराखडा काढायचा आणि त्या रेषेवर लाकडी ठोकळे ठोकून साचा तयार करायचा. त्यात स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या बारीक पट्ट्या वाकवून बसवायच्या आणि प्रत्येक सांध्यावर पातळ प्लायवूडचा तुकडा सरसाने चिकटवायचा. सरस वाळला की फासळी काढायची आणि दुसरी सुरू करायची. रोज संध्याकाळी एक फासळी हा अनेकांचा परिपाठ असतो. महिना-दीड महिन्यात भिंतीशी सारख्या आकाराच्या फासळ्यांची रांग उभी राहते, आणि घरच्या मंडळींना प्रथमच वाटू लागते की, हा माणूस खरोखर विमान बांधणार.

पण या फासळ्या ज्यांत ओवल्या जातात, त्या पंखाच्या मुख्य तुळयांवर वैमानिकाचा जीव टांगलेला असतो. तेथे लाकडाची निवड डोळ्यांत तेल घालून करावी लागते. विमानासाठी घ्यायच्या स्प्रूसच्या रेषा सरळ हव्यात. १५ इंच लांबीत त्या एक इंचापेक्षा अधिक तिरक्या गेलेल्या चालत नाहीत. गाठी, राळेचे कप्पे, दाबाने चुरडलेल्या तंतूंच्या बारीक सुरकुत्या असे काहीही आढळले की, ती फळी बाद. सरसाचेही तसेच आहे. जुन्या काळी दुधातील केसीनपासून केलेला सरस वापरीत. तो कोरड्या हवेत वर्षानुवर्षे टिके, पण ओल लागली की त्यावर बुरशी येई आणि सांधा आतून सुटे. आता इपॉक्सी वापरतात. जाणते लोक सरसाची प्रत्येक नवी खेप तयार केली की, तिच्यातून टाकाऊ लाकडाचे दोन तुकडे जोडून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी ते तोडून पाहतात. लाकूड फाटले पाहिजे, सांधा उघडता कामा नये. शेवटी सांगाड्यावर कापड चढते. पूर्वी ते सुती असे व डोप नावाच्या रोगणाने आवळले जाई. हल्ली पॉलिएस्टरचे कापड इस्त्रीच्या उष्णतेने आक्रसून घेतात. मग सुई-दोऱ्याने ते प्रत्येक फासळीशी शिवायचे. कापड एकदा चढले की, आतले बरेचसे सांधे नजरेआड होतात. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिला फार महत्त्व येणार आहे.

नकाशा सोपा असला तरी त्यात मनाचे बदल करणे सोपे नसते. फोर्डचे इंजिन शंभराहून अधिक किलो वजनाचे. पुढे अनेकांनी त्याऐवजी कॉन्टिनेन्टल कंपनीचे ६५ अश्वशक्तीचे खास विमानाचे इंजिन बसविले. ते अधिक भरवशाचे आणि बरेच हलके, पाऊणशे किलोंच्या आसपासचे. पण नाक हलके झाले की, विमानाचा गुरुत्वमध्य मागे सरकतो, आणि तो मर्यादेपलीकडे मागे गेला तर विमान आवरता येत नाही. म्हणून इंजिन आणखी पुढे न्यावे लागते किंवा पंख काही इंच मागे कलवावा लागतो. त्यातच वैमानिक मागच्या बाजूला बसतो, आणि १९३० च्या मानाने आजचे वैमानिक वजनदार! या मंडळींच्या गप्पांत हा विषय हटकून निघतो, आणि तो विनोदाने निघत असला तरी हिशेब गंभीरपणेच केला जातो.

गफलत मूळ आराखड्यातच असेल, तर हस्तकौशल्य वाचवू शकत नाही, हे फ्रान्समधील आंरी मिन्ये यांच्या ‘पू-द्यु-सिएल’ म्हणजे ‘आकाशातली ऊ’ या चिमुकल्या विमानाने दाखवून दिले. १९३४ साली त्यांनी त्याच्या बांधणीचे पुस्तक काढले आणि फ्रान्स व ब्रिटनमध्ये एकच लाट उसळली. पाठोपाठ प्राणघातक अपघात सुरू झाले. पूर्णाकृती विमान वातबोगद्यात ठेवून तपासले, तेव्हा कळले की, एका मर्यादेपलीकडे नाक खाली गेले की, पुढच्या-मागच्या पंखांच्या परस्परपरिणामामुळे ते वर काढताच येत नाही. १९३६ मध्ये त्याच्या उड्डाणांवर बंदी आली.

अमेरिकेतही १९३० च्या दशकात परवान्याचे नियम कडक होत गेले आणि घरगुती विमानांना आकाश जवळजवळ बंद झाले. ओरेगॉन राज्यात मात्र हौशी बांधकाम तग धरून होते. तेथील जॉर्ज बोगार्डस हे १९४७ साली ‘लिटल जी बी’ नावाचे घरगुती बांधणीचे विमान घेऊन खंड ओलांडून वॉशिंग्टनला गेले. अशी विमाने विश्वासार्ह असू शकतात, हे अधिकाऱ्यांना पटवून देणे हा या प्रवासाचा हेतू होता. एवढा लांबचा पल्ला गाठून दारात उभे राहिलेले विमान कोणत्याही अर्जापेक्षा बोलके होते. पुढील काही वर्षांत हौशी बांधणीच्या विमानांचा स्वतंत्र वर्ग नियमात आला. १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी यांनी मिल्वॉकी येथे ‘एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ स्थापन केली. १९५५ मध्ये त्यांनी ‘बेबी एस’ या जुन्या विमानाची सुधारित आवृत्ती ८०० डॉलरांच्या आत कशी बांधावी, हे एका मासिकात लिहिले आणि चळवळ घराघरांत पोहोचली. या संस्थेचा ऑशकॉश येथे १९७० पासून भरणारा मेळावा आता जगप्रसिद्ध आहे.

अमेरिकी नियमाचा गाभा असा की, विमानाच्या बांधणीचा अर्ध्याहून अधिक भाग हौशी व्यक्तींनी स्वतःच्या शिक्षणासाठी वा करमणुकीसाठी केलेला असावा. मग त्याला ‘प्रायोगिक’ म्हणून परवाना मिळतो आणि बांधणाऱ्याला स्वतःच्या विमानाची वार्षिक तपासणी करण्याचा अधिकारही मिळविता येतो. प्रारंभीच्या चाचणी उड्डाणांसाठी परंपरेने २५ तासांची, आणि मोटारीच्या इंजिनासारखे प्रमाणित नसलेले यंत्र असल्यास ४० तासांची अट असते. या काळात हौसेखातर कोणाला शेजारी बसवून नेता येत नाही. पुढेही, हे विमान कारखान्यातील विमानांचे सुरक्षा-निकष पाळत नाही, अशी सूचना प्रवाशाच्या नजरेसमोर लावावी लागते.

आपल्याकडे हा रस्ता किती खडतर आहे, हे कॅप्टन अमोल यादव यांच्या अनुभवावरून दिसते. त्यांचे विमान जुन्या घाटाचे नव्हे, सहा आसनी आणि आधुनिक आहे. पण ते कांदिवलीच्या चारकोपमधील इमारतीच्या गच्चीवर बांधले गेले, हे मुंबईकर विसरलेले नसतील. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते वांद्रे-कुर्ला संकुलात लोकांनी पाहिले. तथापि, हौशी बांधणीसंबंधीची तरतूदच २०१४ साली नियमांतून वगळण्यात आली होती. त्यामुळे नोंदणी मिळायला नोव्हेंबर २०१७ उजाडले आणि उड्डाणाच्या परवान्यासाठी ऑक्टोबर २०१९ पर्यंत थांबावे लागले.

हा सावधपणा अगदीच निराधार नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, ताफ्यात १० टक्के असणारी ही विमाने आदल्या वर्षीच्या लहान विमानांच्या एकूण अपघातांपैकी १५ टक्क्यांत आणि प्राणघातक अपघातांपैकी २१ टक्क्यांत सापडली. इंजिन बंद पडणे आणि विमानावरचा ताबा सुटणे ही ठळक कारणे होती. परंतु या अभ्यासातील सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट वेगळीच आहे. अपघात झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक विमाने वैमानिकाने बांधलेली नव्हती, तर दुसऱ्याकडून विकत घेतलेली होती. विमानाच्या अगदी पहिल्या उड्डाणात १० अपघात झाले, तर नव्या मालकाच्या पहिल्या उड्डाणात १४.

याचा उलगडा अवघड नाही. बांधणाऱ्याला आपल्या विमानाचा सांधा नि सांधा ठाऊक असतो. विकत घेणाऱ्याला फक्त रंग दिसतो. शिवाय ही विमाने हलकी आणि वाऱ्याला फार अडणारी. इंजिन थांबले की, त्यांचा वेग बघता बघता ओसरतो. तत्क्षणी नाक खाली घातले नाही, तर पंखांची उचल संपते. कारखान्यातील विमानांवर शिकलेल्या वैमानिकाला एवढ्या तातडीची सवय नसते.

म्हणून या मंडळींचा एकोपा ही केवळ हौस उरत नाही. कापड चढण्यापूर्वी एखाद्या अनुभवी बांधकाऱ्याने घरी येऊन उघडा सांगाडा पाहावा, अशी विनामूल्य सल्लागारांची पद्धत संस्थेने रुजविली आहे. दर जुलैत, ऑशकॉशच्या मेळाव्याच्या आधी, विस्कॉन्सिनमधील ब्रॉडहेडच्या गवती धावपट्टीवर एअर कॅम्पर घेऊन लोक जमतात. तेथे नुसत्या उड्डाणांपेक्षा विमानांभोवती उकिडवे बसून चाललेली चर्चा अधिक मोलाची असते. कोणी खांबाचा कोन मोजतो, कोणी दुसऱ्याच्या बैठकीत बसून पाहतो, कोणी बांधकामाची वही आणि छायाचित्रे उघडतो. जुने विमान विकत घ्यायला आलेल्याला येथे हीच वही आधी मागायला सांगतात. आत कोणता सरस वापरला आणि इतकी वर्षे विमान कोरड्या जागेत उभे होते का, हे पहिले दोन प्रश्न. किमतीची बोलणी त्यानंतर.