राब कशासाठी भाजतात?

भिवंडी म्हटले की यंत्रमाग आठवतात. पण तालुक्यातील गावांत आजही भातशेती होते आणि उन्हाळ्यात शेतांतून धूर निघताना दिसतो. तो राबाचा. रोपांसाठी राखलेल्या तुकड्यावर शेण, झाडांचा टहाळ आणि पालापाचोळा यांचे थर रचतात व वर बारीक माती पसरतात. वारा जिकडे वाहतो त्या टोकाला आग लावतात. त्यामुळे ती वाऱ्याविरुद्ध, सावकाश धुमसत सरकते.

शेण जाळणे हा अडाणीपणा, असे पुष्कळांना वाटते. ते पूर्ण खरे नाही. संथ आगीने मातीचा वरचा पातळ थर चांगला तापतो. त्यातील तणांचे बी आणि काही रोगजंतू मरतात. रोपवाटिकेत भातासारखेच दिसणारे तण उगवले, तर भर पावसात ते निवडून काढणे कठीण. मातीतील सेंद्रिय नत्राचा काही भाग उष्णतेने अमोनियाच्या रूपात मोकळा होतो, तर राखेतून पालाश मिळते. माती भुसभुशीत झाल्याने लावणीच्या वेळी रोपे मुळांसकट सहज उपटता येतात.

मात्र याची किंमतही मोठी आहे. शेणातील व पाल्यातील बहुतेक नत्र धुराबरोबर हवेत जाते. टहाळासाठी ऐनासारखी झाडे दरवर्षी छाटली जातात. हा वाद जुना आहे. मुंबई सरकारने १८८५ मध्ये नेमलेल्या वन आयोगापुढे ठाणे जिल्ह्यातील राबाचा प्रश्न आला होता. जंगल राखायचे की शेतकऱ्याचा राब, हा पेच तेव्हाही होता.

आज राबाऐवजी गादीवाफ्यांची शिफारस केली जाते. वाफ्यात कुजलेले शेणखत घालतात. बियाणे मिठाच्या पाण्यात टाकून तरंगणारे पोचट दाणे काढून टाकतात. पण तण उपटण्याचे काम शिल्लक राहतेच. राब सोडा, असे सांगताना या कामाचे काय, याचेही उत्तर द्यायला हवे.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. एकाच शेतातील माती तीन कुंड्यांत भरा. पहिलीत साधी, दुसरीत तव्यावर भाजून गार केलेली, तिसरीत साधी माती आणि थोडी राख. प्रत्येकीत भाताचे वीस दाणे पेरा, पाणी सारखेच घाला. तीन आठवड्यांनी तण मोजा आणि रोपांची उंची मोजा. तण फक्त दुसऱ्या कुंडीत कमी आढळले, तर ते काम उष्णतेचे की राखेचे, हे विद्यार्थीच सांगतील.