जुना मोबाइल विकल्यावर पैसे परत मागितले तर

वापरलेला मोबाइल किंवा लॅपटॉप एखाद्याने ऑनलाइन जाहिरात देऊन विकला, तर तो व्यवहार मुख्यतः भारतीय करार अधिनियम, १८७२ आणि मालविक्री अधिनियम, १९३० यांच्या कक्षेत येतो. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ धंदा म्हणून विक्री करणाऱ्यांना लागू होतो. घरातली एखादी वस्तू विकणारा सहसा त्यात मोडत नाही. त्यामुळे नुसता ‘आवडला नाही’ म्हणून पैसे परत करणे त्याच्यावर बंधनकारक नसते. मात्र वस्तू वर्णनाशी जुळत नसेल किंवा माहीत असलेला दोष मुद्दाम दडवला असेल, तर खरेदीदाराची मागणी रास्तच म्हणावी लागेल. ‘आहे तशी विकली’ ही ओळ अशा लपवाछपवीला पांघरूण घालू शकत नाही.

मागणी आल्यावर आधी दोषाचा व्हिडिओ मागवावा, मग वस्तू हाती घेऊन तपासावी. परत आलेला फोन तोच आहे का, हे *#०६# दाबल्यावर दिसणाऱ्या १५ अंकी आयएमईआय क्रमांकावरून पडताळता येते; म्हणून तो विक्रीच्या पावतीवर लिहिलेला हवा. बॅटरी किंवा स्क्रीन बदलली तरी हा क्रमांक बदलत नाही, तेव्हा विक्रीपूर्वीचे जवळून काढलेले फोटोही जपून ठेवावेत. खरेदीदाराने फोनमधले आपले खाते काढून टाकल्याची खात्री झाल्यावर, रक्कम ज्या खात्यातून आली त्याच खात्यात परत करावी. दोष किरकोळ असेल तर दुरुस्तीचा खर्च देऊन मिटवणे दोघांनाही सोयीचे. ती तडजोड मेसेजवर का होईना, लेखी असावी.